तीन हजारांतला आवाज

बुधवार. सकाळचे अकरा वाजायचे आहेत, पण मंगळवार पेठेतलं डांबर आत्ताच चपलेला चिकटतंय. जुना बाजार भरलाय. पुण्यात तो रविवारी आणि बुधवारी भरतो. रविवारी पाय ठेवायला जागा नसते. बुधवारी निदान खाली वाकून वस्तू हातात घेता येते, उलटीपालटी करून बघता येते. जुनं यंत्र घ्यायचं तर बुधवारच बरा.

रस्त्याच्या कडेने पोती अंथरलीत, प्लास्टिकचे कागद, जुन्या फ्लेक्सचे तुकडे. त्यांच्यावर पाने, पकडी, पितळी नळ, बंद पडलेली घड्याळं, कुकरची झाकणं, पंख्यांची पाती. लोखंड तापलंय. पान्याला हात लावला की हात आपोआप मागे येतो. कुणी हातगाडीवरून आरोळी देतोय, "कुठलाही घ्या पन्नास!" बर्फाच्या लाद्या घेतलेली सायकल गर्दीतून वाट काढते. तिच्या मागे डांबरावर पाण्याची ओळ उमटते आणि बघता बघता वाळते.

भाचा माझ्या मागे आहे. पाठीवर गिटारची बॅग, खिशात गुंडाळलेली केबल. अकरावीची परीक्षा संपलीय. इलेक्ट्रिक गिटार त्याला एका नातेवाइकाकडून मिळाली. ॲम्पशिवाय तिची तार खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातसुद्धा धड ऐकू येत नाही. त्याने दिवाळीचे, वाढदिवसाचे पैसे साठवलेत. पाकिटात तीन हजार रुपये आहेत आणि चालताना दर थोड्या वेळाने त्याचा हात त्या खिशाकडे जातो.

"मावशी, नवा नाहीच का मिळणार?"

मिळेल. पण नावाजलेल्या परदेशी कंपनीचा पंधरा-वीस वॅटचा नवा ॲम्प याच्या तिप्पट-चौपट पैसे मागतो. व्हॉल्व्हचा ॲम्प तर आणखी कुठच्या कुठे. त्याच्या नळ्या झिजतात, महाग पडतात, मागवाव्या लागतात. म्हणून आपण ट्रान्झिस्टरवाला शोधतोय. ट्रान्झिस्टर १९४७ साली जन्माला आला आणि दोन दशकांत गिटारच्या ॲम्पमध्ये शिरला. त्यात नळी नाही, नळीसाठी लागणारा जाडजूड आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही. वजन कमी. चालू केला की लगेच वाजतो. आणि बिघडला तर इथून जवळच, बुधवार पेठेत, त्याचे भाग काही रुपयांत मिळतात. तीन हजारांत आवाज हवा असेल तर हीच वाट आहे, आणि मला ती कमी प्रतीची वाट वाटत नाही.

हत्यारांची रांग संपते. बुटांचे ढीग येतात, मग जीन्स, मग पुन्हा लोखंड. मग एकदम वायरी. वायरींची भेंडोळी, गाडीतले टेप, होम थिएटरचे सबवूफर, कोन फाटलेले स्पीकर, कुठल्याशा मंगल कार्यालयातून निघालेले माइकचे ॲम्प्लिफायर. इथे चालायचा वेग आपोआप कमी होतो.

"गिटारचा आहे का?" भाचा विचारतो.

"गिटारचाच आहे!" प्रत्येक जण सांगतो. जाळी लावलेला कुठलाही लाकडी खोका इथे गिटारचा असतो.

ओळखायची खूण सोपी आहे. पुढच्या पट्टीवर पाव इंची जाड जॅकचं भोक हवं, त्याच्यावर 'इनपुट' लिहिलेलं. शेजारी गेन, बास, ट्रेबलची बटणं. गिटारच्या पिकअपमधून येणारा विजेचा संकेत अगदी दुबळा असतो. गिटारच्या ॲम्पचा इनपुट साधारण दहा लाख ओहमचा ठेवतात, म्हणजे त्या संकेतावर भार पडत नाही. तीच गिटार होम थिएटरला जोडली तर आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. स्पीकरही वेगळा असतो. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढचं फारसं बोलतच नाही. वरचा किरकिरेपणा तो गाळून टाकतो. माइकच्या बॉक्सला ट्वीटर असतो. त्याच्यावर डिस्टॉर्शन लावलं की कानात सुया टोचतात.

एका छत्रीखाली खराखुरा गिटार ॲम्प दिसतो. काळा, चकचकीत, कोपऱ्यांना लोखंडी टोप्या. भाचा एकदम उकिडवा बसतो आणि बटणं फिरवायला लागतो. मी खोका उलटा करते. मागची पट्टी आधी वाचायची.

१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ.

"ताई, एकदम ओके माल आहे. अमेरिकेहून आलाय," छत्रीवाले सांगतात. ते खरंच आहे. पुण्यातून कितीतरी मुलं तिकडे जातात, राहतात, परत येताना सामानातून ॲम्प आणतात. आपल्याकडे भिंतीतून २३० व्होल्ट येतात. या खोक्याला त्याच्या निम्मे लागतात. कुणीतरी वायरीचं टोक कापून आपला तीन पिनांचा टॉप लावून दिलाय. त्यामुळे तो खोका आपलाच वाटतो. प्लगमध्ये घातला तर, नशीब चांगलं असेल तर, फ्यूज उडेल. नसेल तर आतले कंडेन्सर फुटतील आणि ट्रान्सफॉर्मर धुमसेल. वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येतो, पण त्याचे पैसे वेगळे आणि वजनही वेगळं. काही ॲम्पना मागे ११५-२३० निवडायचा खटका असतो. याला नाही. मी भाच्याला पट्टी दाखवते. तो दोनदा वाचतो आणि उठतो.

ऊन आता डोक्यावर येतंय. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येतो. आम्ही रस पितो. ग्लास संपेपर्यंत कुणी बोलत नाही.

पुढच्या पोत्यावर एक देशी बनावटीचा खोका आहे. दणकट प्लायवूड, बारा इंची स्पीकर. आठशे रुपये. भाच्याच्या चेहऱ्यावर हिशेब दिसतो, बावीसशे उरतील. मी मागचा फ्यूज काढून बघते. काचेची नळी आत जळून काळी झालीय आणि तिच्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलीय. कुणाला तरी कार्यक्रमाच्या रात्री घाई झाली असेल. फ्यूज वारंवार उडत होता म्हणून त्याला चांदी लावली, म्हणजे तो ज्या कारणाने उडत होता ते कारण आत तसंच आहे. जाळीशी नाक नेलं की करपलेल्या व्हार्निशचा वास येतो. हा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. ट्रान्सफॉर्मर जळल्याचा वास.

त्याच्या टॉपची अर्थिंगची जाड पिनही छाटलेली आहे. इथे मी भाच्याला खांदा धरून थांबवते. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. वाजवणाऱ्याची दहा बोटं त्या तारांवर असतात. अर्थिंग नसलेल्या ॲम्पचा पत्रा जिवंत झाला तर वीज तारांत येते, आणि समोर माइकला ओठ लागलेले असतील तर अंगातून पार होते. पिन छाटलेला ॲम्प फुकट मिळाला तरी आधी तीन पिनांची वायर आणि अर्थिंग नीट करून घ्यायचं. त्याच्याआधी हात लावायचा नाही.

आम्ही पुढे जातो. तासभर काहीच सापडत नाही. एक रिकामा खोका, आत नुसती जाळी. एक स्पीकर, वाळवी लागलेला. एका ठिकाणी फक्त रिव्हर्बची पेटी, पत्र्याच्या लांबट डबीत दोन स्प्रिंगा. भाचा ती हलवतो आणि लांबवर गडगडल्यासारखा आवाज येतो. तो हसतो. उन्हात पहिल्यांदाच.

रांगेच्या टोकाला, भिंतीच्या सावलीत, एक म्हातारे चाचा बसलेत. समोर भिंतीवरची घड्याळं, टेबल लॅम्प, एक टाइपरायटर. आणि मागे, घड्याळांचा खोका टेकवायला ठेवलेला, एक ॲम्प.

"चाचा, तो जरा बघू?"

"बंद है वो. देखो."

नावाची पाटी निघून गेलीय, दोन भोकं उरलीत. मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ३० वॅट. स्पीकर दहा इंची, आठ ओहमचा. जाळीचं कापड एका कोपऱ्यात फाटलंय. टॉप मूळचा, तिन्ही पिना शाबूत. स्क्रूची डोकी झिजलेली नाहीत, म्हणजे आत कुणी पेचकस घालून खेळलेलं नाही. मी नाक लावते. धूळ, माळ्यावरचा कोंदट वास, थोडी बुरशी. जळकट काही नाही.

"एका बंगल्यातून निघाला," चाचा सांगतात. "पोरगा बाहेरगावी गेला. माळ्यावर पडून होता. सामान उचललं त्यात आला."

खोक्याची पाठ अर्धी उघडी आहे. आत हात जातो. मी दोन्ही हातांची बोटं कोनवर पसरून हलकेच दाबते, सोडते. घासल्याचा आवाज नाही. आता घड्याळातला एक सेल मागून घेते. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल. स्पीकरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवते. टक्. कोन पुढे उडी मारतो. पुन्हा टक्. स्पीकर जिवंत आहे. तीस वॅटच्या ॲम्पमध्ये सगळ्यात महाग दोन वस्तू असतात, स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मर. पहिली चांगली निघाली.

"केवढ्याला?"

"बंद है. अठराशे."

बंद वस्तू बंद म्हणून विकणाऱ्या माणसाशी बोलायला बरं वाटतं.

लाइट लावून बघायचं तर रस्त्यापलीकडच्या एका दुकानात जायचं. दुकानदाराने बाहेर बोर्ड काढून ठेवलाय. एका वस्तूचे दहा रुपये. तिथे रांग आहे. पुढे मिक्सर घेतलेल्या एक बाई. त्यांच्या पुढे ड्रिल मशिनवाला. त्याच्या पुढे टेबल फॅन घेतलेला एक पोलीस, गणवेशाविना, पण बूट खाकी. सावली नाही. पत्र्याच्या शटरमधून झळ येते. मिक्सर घर्रर्र करतो आणि बाई मान हलवतात, पटला. ड्रिलमधून ठिणग्या पडतात आणि वास सुटतो, ड्रिलवाला ते काही न बोलता परत घेऊन जातो. पंखा फिरतो. त्याचा वारा दोन मिनिटं आम्हा सगळ्यांना लागतो आणि कुणालाही तो बंद करावासा वाटत नाही.

आमचा नंबर लागतो. भाचा बॅगेची चेन उघडतो. गिटार बाहेर येते आणि चार-पाच माणसं जवळ सरकतात. स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल बरोबर असली पाहिजे. दुसऱ्याची केबल तुटकी निघाली तर चांगला ॲम्प आपण सोडून येतो.

स्विच. लाल दिवा लागतो. स्पीकर अगदी गप्प. भाचा तार छेडतो.

काहीच नाही.

"गेलाय तो," मागून कुणीतरी सांगतं. भाचा व्हॉल्यूम दहावर नेतो. तरी शांतता. गिटार नाही.

मी व्हॉल्यूम खाली घेते. पुढच्या पट्टीवर हेडफोनचं भोक आहे. इनपुटमधली केबल काढून तिची पिन त्या भोकात घालते, काढते, घालते, काढते. सात-आठ वेळा. मग केबल परत इनपुटला. भाचा छेडतो. चर्रर्र. मग एकदम सूर. मोठा, स्वच्छ, शटरवर आदळणारा. भाचा दचकून हात तारांवर ठेवतो.

हेडफोनच्या जॅकमध्ये एक पितळी पत्ती असते. पिन आत गेली की ती उचलली जाते आणि स्पीकर तुटतो, म्हणजे घरचे झोपले असताना वाजवता येतं. पिन काढली की पत्ती परत टेकते. माळ्यावर पाच पावसाळे काढले की पत्तीवर गंज चढतो. ती टेकते, पण वीज जात नाही. ॲम्प ठणठणीत असतो आणि सगळे त्याला मेलेला समजतात. पेडल जोडायच्या इफेक्ट लूपच्या जॅकचंही तसंच होतं. बंद म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर पैसे सोडण्याआधी ही दोन भोकं तपासायचीच.

आता प्रत्येक बटण शून्यापासून दहापर्यंत. गेन फिरवला की खरखर. बास बरा. ट्रेबल फिरवताना मध्ये आवाज जातो, परत येतो. मी खोक्याच्या माथ्यावर मुठीने ठोकते. आवाज तुटत नाही, म्हणजे आत सोल्डरचा सैल झालेला डाग नसावा. स्पीकरमधून एक बारीक घरघर मात्र आहे, आणि ती व्हॉल्यूमने कमी-जास्त होत नाही. ती लक्षात ठेवते.

चाचा रस्ता ओलांडून आलेत. त्यांनी सगळं ऐकलंय.

"चालू झाला ना? मग आता चालूचा भाव. तीन हजार."

भाचा माझ्याकडे बघतो. मला चाचांचं म्हणणं रास्त वाटतं. वस्तू तीच असली तरी आता ती वाजते. पण तिची घरघरही सगळ्यांनी ऐकलीय, ट्रेबलचं तुटणंही. मी दोन्ही सांगते. दुरुस्तीचा खर्च आमचा. चाचा पंचवीसशे म्हणतात. भाचा स्वतः पहिल्यांदा तोंड उघडतो, "चाचा, बावीसशे. उरलेले दुरुस्तीला लागतील." चाचा गिटारकडे बघतात.

"बजाता है? फिर ले जा, बेटा."

नोटा मोजल्या जातात. बावीसशे.

ॲम्प स्कूटरच्या पायदानावर बसतो. माझे पाय दोन्ही बाजूंना. भाचा मागे, गिटार त्याच्या पाठीवर. कुंभारवेस, कसबा पेठ. तांबट आळीच्या बाजूने हातोड्यांचे ठोके ऐकू येतात. फडके हौदाचा चौक. मग बुधवार पेठ आणि गाडी लावायला जागा शोधणं. दोन चकरा. तिसरीला एक जण गाडी काढतो.

तपकीर गल्लीत ऊन खालपर्यंत पोचत नाही, पण उकाडा पोचतो. दोन्ही बाजूंना एलईडीच्या माळा, वायरींची रिळं, खटके, होल्डर, पंख्याचे कंडेन्सर. हमाल डोक्यावर खोकी घेऊन "साइड, साइड" म्हणत येतात. आम्ही ॲम्प दोघांत धरून एका लाकडी जिन्याने वर चढतो. जिना अरुंद आहे. वळणावर खोका आधी उभा करावा लागतो.

वर दुरुस्तीवाले काका. चष्मा कपाळावर, बनियनवर शर्ट उघडा. टेबलावर मीटर, सोल्डरिंग आयर्न, राळेची डबी. आयर्नचा धूर पंख्याच्या वाऱ्यात तिरका होतो. भिंतीला वस्तू ओळीने लावल्यात. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. महिला भजनी मंडळाचा पोर्टेबल स्पीकर. एका शाळेचा माइकचा ॲम्प. इलेक्ट्रॉनिक तानपुरा. ऑर्केस्ट्राचा मिक्सर, बटणांत गुलाल अडकलेला. आमचा खोका ओळीच्या शेवटी जातो.

"बसा. तास लागेल."

तास लागतो, वर थोडा जास्तच. खाली हॉर्न, वर पंखा. भजनी मंडळाच्या बाई येतात आणि स्पीकर तपासायला "हॅलो, हॅलो" म्हणतात. काका त्यांना दोन ओळी गायला सांगतात. त्या लाजतात, मग गातात. आवाज मोकळा येतो. त्या साठ रुपये देऊन खूश होऊन उतरतात.

वाट बघताना भाचा मोबाइलवर व्हॉल्व्ह ॲम्पची चित्रं बघतो. त्याला शंका आहे. ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा असतो असं त्याने ऐकलंय. व्हॉल्व्ह ताणला की हळूहळू फाटतो, गोड फाटतो. ट्रान्झिस्टर शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम फाटतो, हे खरं आहे. पण त्या स्वच्छतेवरच काही ॲम्प नावाजले गेले. रोलंडचा 'जॅझ कोरस' १९७५ चा. १२० वॅट, दोन बारा इंची स्पीकर, आत एकही व्हॉल्व्ह नाही. तो अजून बनतो आणि जगभरच्या स्टेजवर उभा असतो. शिकणाऱ्याला स्वच्छ आवाज लागतो. त्यात बोट कुठे चुकलं ते ऐकू येतं. फाटका आवाज हवा तेव्हा पुढे एक पेडल लावता येतं.

काका खोका टेबलावर घेतात. पाठीचे स्क्रू सुटतात. आत धुळीचा थर, एक वाळलेली पाल, कोळ्याचं जाळं. काका ब्रश फिरवतात. थेट प्लगमध्ये मात्र घालत नाहीत. त्यांच्या भिंतीवर एक बोर्ड आहे, त्यावर शंभर वॅटचा पिवळा बल्ब. सिरीज बोर्ड. वीज आधी बल्बमधून जाते, मग ॲम्पमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि ॲम्प वाचतो. स्विच पडतो. बल्ब लखकन पेटतो आणि लगेच मंद होतो. काकांची मान हलते.

"तब्येत चांगली आहे."

मग मीटर. स्पीकरची एक वायर सोडवतात आणि मोजतात. सहा ओहम. भाचा म्हणतो, मागे तर आठ लिहिलंय. काका समजावतात, मीटर नुसत्या तारेचा रोध मोजतो, आठ हा वाजतानाचा आकडा. आठच्या स्पीकरला सहाच्या आसपास येणारच. आता ॲम्पच्या आउटपुटवर डीसी. १८ मिलिव्होल्ट. "पन्नासच्या आत असलं की निवांत." आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की तिथे मिलिव्होल्टच्या जागी वीस-तीस व्होल्ट उभे राहतात आणि स्पीकरचं वाइंडिंग काही सेकंदांत जळतं. जुना ॲम्प दुकानातून घेताना शक्य असेल तर हा एक आकडा बघून घ्यावा.

घरघर उरलीय. काका कान देतात. आपल्या भिंतीतली वीज ५० हर्ट्झची. डायोडमधून गेली की तिची घरघर दुप्पट होते, १०० हर्ट्झ. तीच ऐकू येतेय. म्हणजे ती सपाट करणारे दोन मोठे कंडेन्सर दमलेत. काका टॉर्च मारतात. दोघांचेही माथे किंचित फुगलेत. ४,७०० मायक्रोफॅरडचे, ८५ डिग्रीचे. आतला द्रव वर्षानुवर्षं सुकत जातो, उष्णतेत लवकर सुकतो. दहा डिग्री कमी तापला तर साधारण दुप्पट टिकतो.

"खाली जा, १०५ डिग्रीचे दोन आण. व्होल्टेज पन्नासचं."

भाचा धडाधड जिना उतरतो. त्या गल्लीत हे दोन भाग मिळायला किती वेळ लागतो? तो परत येतो तेव्हा जुने निघून डाग पुसून झालेले असतात.

नवे बसतात. उलटी बाजू लागणार नाही ना, ते काका दोनदा बघतात. हेडफोनच्या जॅकमध्ये, इफेक्ट लूपमध्ये स्प्रे. ट्रेबलच्या कंट्रोलमध्ये स्प्रे आणि वीस-तीस वेळा इकडून तिकडे. इनपुट जॅक बोर्डालाच डागलेला आहे. केबल ओढली जाऊन जाऊन त्याच्या डागांना बारीक चिरा पडल्यात. काका भिंगातून दाखवतात, प्रत्येक पायाभोवती एक काळी कडी. चारही डाग नव्याने. राळेचा वास.

पुन्हा बल्ब. लखकन, मंद. मग बल्ब काढून थेट वीज.

घरघर जवळजवळ नाही. भाचा स्टुलावर बसतो. व्हॉल्यूम तीनवर. पहिला सूर लागतो आणि सोल्डरिंगचं काम करणारा दुसरा मुलगा मान वर करतो. भाचा कॉर्ड धरतो, एकेक तार सुटी वाजवतो. ई तार, ए, डी. प्रत्येक वेगळी ऐकू येते. तो चुकतो. चूकही स्वच्छ ऐकू येते. तो पुन्हा तिथूनच सुरू करतो.

"तीनवरच एवढा?" तो विचारतो. त्याने आधी साठ वॅटचा हवा म्हणून हट्ट धरला होता. वॅट दुप्पट झाले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. फ्लॅटमध्ये दहा-पंधरा वॅट पुरतात. तीसमध्ये ड्रमवाल्या मित्राबरोबर सराव होतो.

काका त्याला थांबू देत नाहीत. "वाजव अर्धा तास. गरम होऊ दे. काही दोष गरम झाल्यावरच दिसतात." तो वाजवतो. काका तानपुरा उघडतात. मागचा हीट सिंक मी मधूनमधून हात लावून बघते. कोमट, मग गरम, पण बोट ठेवता येतं. आवाज बदलत नाही. खाली गल्लीत दिवे लागायला लागतात.

बिल ४८० रुपये. दोन कंडेन्सर, स्प्रे, मजुरी. भाच्याच्या पाकिटात अजून ३२० उरतात.

पैसे घेताना काका सांगतात, मे महिन्यात घराघरांतले माळे साफ होतात आणि असे खोके भंगारात जातात. लाकूड वेगळं, तांबं वेगळं, लोहचुंबक वेगळं. दुरुस्तीला येणाऱ्यांपेक्षा फुटणारे जास्त.

तुमच्या माळ्यावर असा एखादा ॲम्प असेल, मुलगा किंवा मुलगी बाहेरगावी गेल्यापासून कापडाखाली झाकलेला, तर पावसाळ्याआधी तो खाली काढा. वर्षानुवर्षं बंद असेल तर एकदम प्लगमध्ये घालू नका. सिरीज बोर्ड असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. मुलांना फोन करून विचारा, आणि त्यांना नको असेल तर तो भंगारवाल्याला न देता शिकणाऱ्या एखाद्या मुलाला द्या, विकत द्या किंवा तसाच द्या.